ती गिचमिड ओळ म्हणजे कुलूप नव्हे

कळमना बाजारात संत्र्यांची आवक किती झाली, याच्या नोंदी झटकन सापडाव्यात असा प्रोजेक्ट नागपूरच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने केला. नोंदी क्लाउडवरच्या इलास्टिकसर्चमध्ये, म्हणजे शोध घेणाऱ्या डेटाबेसमध्ये; प्रोग्राम पायथॉनमध्ये. जोडणीला दोनच गोष्टी लागतात: क्लाउड आयडी, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, आणि एपीआय की, म्हणजे आत शिरायचा परवाना. पठ्ठ्याने या दोन्ही गिचमिड ओळी कोडमध्ये लिहून कोड जगाला खुला केला होता. हटकलं तर म्हणे, "एन्क्रिप्टेड आहे नं सर ते!"

अजिबात नाही. एन्क्रिप्टेड म्हणजे किल्लीशिवाय उलगडणारच नाही असं. ते आहे बेस-६४, आणि त्यात गुपित काहीच नसतं. इंग्रजी 'नागपूर'ची पहिली तीन अक्षरं घ्या: मोठा एन, लहान ए, लहान जी. कॉम्प्युटरच्या लेखी हे ७८, ९७ आणि १०३. प्रत्येकी ८ बिट, म्हणजे एकूण २४. आता ही २४ बिटांची पट्टी सहा-सहाच्या चार तुकड्यांत कापायची. आकडे येतात १९, ३८, ५, ३९. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे मावतात. म्हणून ६४ चिन्हांचा तक्ता: मोठी २६ अक्षरं, लहान २६, दहा अंक, दोन खुणा. तक्त्यात पाहिलं की मिळतं मोठा टी, लहान एम, मोठा एफ, लहान एन. उलट जायला तोच तक्ता पुरतो, किल्ली लागतच नाही. ईमेलमधून फोटो-फाइली साध्या मजकुरासारख्या सुखरूप जाव्यात, यासाठी ही पद्धत रुळली, लपवाछपवीसाठी नव्हे.

क्लाउड आयडीतला कोलननंतरचा भाग असा उलगडला की सर्व्हरचं नाव निघतं, मग डॉलरचं चिन्ह, मग क्लस्टरचा, म्हणजे त्या सर्व्हरगटाचा, क्रमांक. पायथॉनची लायब्ररी हे स्वतःच उलगडून पत्ता जुळवते. महाल भागातल्या वाड्याचा पत्ता गावाला ठाऊक असला म्हणून बिघडत नाही. एपीआय की मात्र वाड्याची किल्ली. गंमत म्हणजे तीही बेस-६४मध्येच लिहिलेली असते, त्यामुळे दोन्ही ओळी दिसायला सारख्याच अगम्य. वाटेत तिचं रक्षण करतं ते टीएलएस, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा मजकूर खरोखर कुलूपबंद करणारी पद्धत; तुमच्या कोडमध्ये ती उघडीच असते.

दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू खुशाल वाहा, पण कळत नाही म्हणून एखादी ओळ मंत्रासारखी अभेद्य मानू नका.

त्या मुलाने कीची ओळ पुसली, पण तेवढ्याने भागत नाही; कोडमधले जुने बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. जुनी की रद्द करायची, नवी घ्यायची ती त्याच इंडेक्सपुरती, म्हणजे नोंदींच्या त्याच संचापुरती, आणि फक्त वाचण्यापुरती, आणि ठेवायची कोडबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना कॉम्प्युटरकडून मिळणाऱ्या सेटिंगमध्ये.