जुने सिमेंटचे पत्रे उतरवताना: धूळ, विडी आणि फुप्फुसं

आमचं कोटेशन हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पत्रे उतरवायचे एवढे पैसे? दोन गडी घण घेऊन एका दिवसात पाडून देतात." देतात, खरं आहे. दुसरा प्रश्न फॉर्म भरताना येतो: "घरात विडी-सिगरेट कोण ओढतं याच्याशी तुमचा काय संबंध?" दोन्हींचं उत्तर एकाच धुळीत आहे, म्हणून हे पत्रक.

पत्र्यात काय असतं

करडा पन्हळी पत्रा म्हणजे मुख्यतः सिमेंट आणि त्यात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस, म्हणजे दगडातून निघणारा तंतू. पत्र्यावर 'आयएस ४५९' असा छाप दिसला तर तो ॲस्बेस्टॉसचाच. छाप पुसला गेला असेल आणि पत्रा जुना असेल, तर आम्ही तो ॲस्बेस्टॉसचा धरूनच काम करतो. ब्रिटनने १९९९ मध्ये, युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि शेजारच्या नेपाळने २०१५ मध्ये यावर बंदी घातली. आपल्याकडे तो बाहेरून आणून आजही कायदेशीरपणे विकला जातो.

तरीही डोक्यावर पत्रा आहे एवढ्यावरून झोप उडवून घेऊ नका. पत्रा अखंड असेल, कडा झिजलेल्या नसतील, तर तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. असे पत्रे पाहिले की आम्हीच सांगतो, "रंग लावा आणि राहू द्या." यात आमचं काम जातं, पण खरं ते खरं.

त्रास सुरू होतो पत्रा कापला, फोडला, घासला की. सोलरच्या पायासाठी ड्रिल मारणं, पाइप काढायला ग्राइंडर चालवणं, पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशनं शेवाळ खरवडणं ही नेहमीची कामं. उडणारी पांढरी धूळ दिसते, पण त्यातले खरे घातक तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नसतो, घशात खवखवही होत नाही. बंद जागेत ते तासन्‌तास तरंगतात, आणि खाली बसलेले संध्याकाळी खराटा फिरवला की पुन्हा वर येतात. तोंडाला बांधलेला गमछा त्यांना अडवत नाही.

आता विडीचा संबंध

श्वासनलिकेला आतून बारीक लव असते. ती सतत हलत राहून धूळ वर ढकलते आणि आपण ती खाकरून टाकतो. धुरानं ही लव लुळी पडते. मग आत गेलेला तंतू आतच राहतो. फुप्फुसातल्या पेशी त्याला गिळायला जातात, पण तो पचत नाही, आणि वर्षानुवर्षं सूज धरत राहते. शिवाय धुरातली कर्करोगकारक द्रव्यं तंतूंना चिकटून खोलवर पोचतात.

१९७९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या सतरा हजारांहून अधिक इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्या पण ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे ५ पट होता. ॲस्बेस्टॉस नाही पण सिगरेट ओढणाऱ्यांना ११ पट. दोन्ही असलेल्यांना? पाच आणि अकरा, सोळाच्या आसपास यायला हवं होतं. आलं ५३. पुढे २०१३ मधल्या अभ्यासात हा आकडा २८ च्या आसपास निघाला, तरी तोही नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त. हे आकडे आयुष्यभर त्या धुळीत राबलेल्यांचे आहेत, तुमच्या पडवीचे नाहीत. पण आमची माणसं रोज पत्र्यावर चढतात, त्यामुळे आम्हाला ते जवळचे वाटतात.

त्याच २०१३ च्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट: सिगरेट सोडलेल्यांमध्ये दहा वर्षांच्या आत हे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आत गेलेला तंतू काढता येत नाही, विडी मात्र सोडता येते.

जाता जाता: १९५२ ते १९५६ या काळात अमेरिकेत 'केंट' सिगरेटच्या फिल्टरमध्येच निळा ॲस्बेस्टॉस होता, आणि जाहिरात होती आरोग्यरक्षणाची!

विडी न ओढणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, याचा धूम्रपानाशी संबंध नाही. तो ॲस्बेस्टॉसमुळे होतो आणि बहुधा २० ते ४० वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, उघडकीस येतो. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुसं कडक होत जातात, जिना चढताना दम लागतो, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही.

पैसे कशाचे लागतात

घण आमच्याकडे नाहीच. औषध फवारायच्या पाठीवरच्या पंपात पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून पत्रे आधी भिजवतो. जे-हूकचे गंजलेले नट पान्यानं सोडवतो. नाहीच सुटले तर हूक कापतो, पत्रा नाही. पत्रा अखंडच दोरानं खाली घेतो. माणसांना एफएफपी-३ मास्क (बारीक तंतूही अडवणारे) आणि एकदाच वापरायचे अंगरखे. दाढी वाढलेली असेल तर मास्क नीट बसत नाही, म्हणून त्या माणसाला वर चढवत नाही. पत्र्यावर कुणी थेट पाय देत नाही, फळ्या टाकतो. जुना पत्रा फुटून खाली पडणं हा तर त्याच दिवशीचा धोका. शेवटी सगळं जाड प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनात बांधून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर जातं. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. बिलातला मोठा भाग या वाहतुकीचा आणि तिथल्या शुल्काचा.

कामाच्या दिवशी तुमच्याकडून

वाळवण, कपडे आत घ्या. पाण्याची टाकी आणि विहीर झाका, गुरं दुसरीकडे बांधा, खिडक्या लावा, लहान मुलांना पाहुण्यांकडे पाठवा. अंगणात विडी-सिगरेट नको. हात न धुता ओढलेली विडी म्हणजे धूळ सरळ तोंडात. फुटके तुकडे न्हाणीच्या आडोशाला, खताच्या खड्ड्याला किंवा चुलीजवळ ठेवून घेऊ नका. तापला की हा पत्रा फटाफट उडतो. "दोन बरे पत्रे राहू द्या" असं शेजारी म्हणाले तरी आम्ही देत नाही, रागावू नका.

घरात कुणी पत्र्याच्या कारखान्यात, ब्रेक-लायनर किंवा बॉयलरच्या लॅगिंगवर (उष्णता अडवणाऱ्या वेष्टनावर), जहाजतोडणीत काम केलेलं असेल, तर छातीच्या डॉक्टरांना विडीसोबत ते कामही सांगा, चाळीस वर्षांपूर्वीचं असलं तरी. ॲस्बेस्टॉसिस कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच अशा कामगारांच्या वैद्यकीय नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपायला सांगितलं आहे. जुनं हजेरी कार्ड, पगाराची चिठ्ठी सापडली तर फाइलला लावून ठेवा.