खर्ज कुठे हरवला?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराची पुढची खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. बाबांची खुर्ची वर्षानुवर्षं बरोब्बर मधोमध, पंख्याखाली. उस्ताद अमीर खाँ ज्या इंदूरमध्ये राहिले, तिथे वाढलेल्या माणसाला मंद्र सप्तकाची, म्हणजे खालच्या सुरांची, ओढ असायचीच. बाबांना ती भलतीच आहे. गेल्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांसाठीचा स्पीकर, घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "भिया, बारा इंच वाला ले जाओ, दीवारें हिल जाएँगी." घरी आणून डबा कोपऱ्यात ठेवला, रेकॉर्डिंग लावलं. बाबांनी पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "अरे, यात खर्ज कुठे आहे?" तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "आवाज कमी करा रे, मांडणीवरची ताटं वाजताहेत."

दोघांचंही खरं होतं, आणि कारण डब्यात नव्हतं, खोलीत होतं.

पुरुष गायकाने काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सूर धरला की तानपुऱ्याची जोडी, म्हणजे मधल्या दोन तारा, सुमारे १३९ हर्ट्झला (सेकंदाला १३९ कंपनांनी) वाजते आणि खर्जाची तार तिच्या निम्म्याला, म्हणजे ६९ हर्ट्झला. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. भागाकार केला तर खर्जाची एक लाट ५ मीटर लांब भरते. सिनेमातल्या स्फोटाचा ३० हर्ट्झचा घुमारा घ्या, तो साडेअकरा मीटरचा. आमची अख्खी खोली ३.६६ मीटरची! झांजेचा आवाज खोलीत हिंडतो, भिंतींवर आपटून विखुरतो. खालचे सूर असे हिंडू शकत नाहीत, ते खोलीत अडकतात.

ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी असते, ती दोन भिंतींमध्ये जाऊन-येऊन स्वतःलाच बळ देत राहते. झोपाळा परत येतो नेमक्या त्याच क्षणी धक्का द्यावा, तसं. भौतिकशास्त्र त्याला स्थिर तरंग म्हणतं. आमच्या खोलीत लांबीच्या दिशेने तो ४७ हर्ट्झला उभा राहतो आणि रुंदीच्या दिशेने ५७ ला. उंचीही १० फूटच, त्यामुळे तिचाही आकडा ५७, आणि दोन्हींचा जोर एकाच सुरावर पडतो. म्हणून दोन मापं सारखी असलेली खोली ऐकण्यासाठी वाईट, आणि तिन्ही मापं सारखी असलेली, घनासारखी, तर सगळ्यांत वाईट.

अशा तरंगात हवेच्या दाबाचा चढउतार भिंतीशी सर्वांत जास्त असतो आणि मधोमध जवळजवळ शून्य. कान दाबच ऐकतो. बाबांची खुर्ची लांबीच्या मध्यावर, रुंदीच्याही मध्यावर. म्हणजे खालच्या सुरांसाठी घरातली सगळ्यांत कोरडी जागा. ६९ हर्ट्झला वेगळा स्थिर तरंग नाही, पण त्याच्या आजूबाजूचे बहुतेक त्या जागी शून्य असल्याने तोही तिथे क्षीणच. आई उभी होती कोपऱ्याजवळच्या दारात, तिथे मात्र सगळे एकत्र उसळत होते. तुमच्या घरी पडताळायचं असेल तर ४० ते ७० हर्ट्झमधला एखादा शुद्ध स्वर हळू आवाजात लावा आणि खोलीत चाला. दोन पावलांवर आवाज मोठा होतो, चौथ्यावर नाहीसा होतो. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा स्पीकर बंद पडला असंच वाटलं होतं.

मग इतकी वर्षं छोट्या स्पीकरवर बाबांना खर्ज कसा ऐकू येत होता? त्या तारेतून ६९ सोबत १३८, २०७, २७६ असे स्वयंभू स्वरही निघतात. मूळ सूर पोचला नाही तरी या स्वरांमधलं अंतर पकडून मेंदू तो स्वतःच उभा करतो. फोनवरसुद्धा डग्ग्याचा घुमारा कळतो तो बऱ्याच अंशी यामुळे. सूर कळतो, पण त्याचं वजन येत नाही. ते वजन छातीला लागण्यासाठी खरोखरची हवा हलावी लागते.

आणि ती भरपूर हलवावी लागते. एक सप्तक खाली उतरून तितकाच दाब हवा असेल तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे जावं लागतं. शिवाय आपला कान खालच्या सुरांच्या बाबतीत मंद. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये हे आलेखांतून दाखवलं. १००० हर्ट्झचा आवाज दोन-तीन डेसिबलवर कानाला लागतो, २० हर्ट्झला त्यासाठी ७८ च्या आसपास डेसिबल लागतात. पण तो उंबरठा ओलांडला की खालचा आवाज झपाट्याने मोठा भासतो. चार-पाच डेसिबल इकडेतिकडे झाले की "नाही"चं "फार" होतं. म्हणून जुळवणी नाजूक.

डबा निवडताना खोक्यावरचे पीएमपीओ (जाहिरातीतल्या क्षणिक कमाल ताकदीचे) वॅट मनावर घेऊ नका, त्या आकड्यांना काही धरबंध नाही. खरा प्रश्न बंद डबा की पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला), हा आहे. पोर्टचा डबा म्हणजे तोंडाशी फुंकलेली बाटली: एका ठरावीक सुराला आतली हवा घुमते आणि कमी कष्टात मोठा आवाज मिळतो, पण त्या सुराखाली तो दर सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद डबा १२ डेसिबलने, सावकाश उतरतो. छोट्या खोलीत हे सावकाश उतरणं फार कामाला येतं. आमच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या खाली कुठलीच अर्धी लाट मावत नाही. तिथे सबवूफर सगळी हवा एकदम दाबतो आणि सोडतो, सायकलच्या पंपासारखा. खाली जावं तशी खोलीची ही मदत वाढते आणि डब्याची उतरण बरीचशी भरून निघते. दारं-खिडक्यांतून दाब निसटतो, त्यामुळे पूर्ण नाही. तरी जाड विटांच्या भिंती असलेल्या आपल्या जुन्या घरांना चांगला १० इंची बंद डबा पुरतो असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानदाराने इंच सांगितले, खोली किती मोठी ते विचारलंच नाही.

जागा शोधायची युक्ती मला फार आवडते. ध्वनीत उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोघांमधलं नातं तेच राहतं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९व्या शतकात हा नियम मांडला. म्हणून सबवूफर खुर्चीवर ठेवायचा, खालच्या सुरांची एखादी चाल लावायची आणि आपण जमिनीलगत कान ठेवून भिंतीकडेने रांगायचं. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाने, सुटासुटा ऐकू येतो, ती सबवूफरची जागा. मी रांगत होतो, बाबा हसत होते, पण कपाटाशेजारी, लांब भिंतीच्या मध्याच्या जरा अलीकडे, ती जागा सापडली. खुर्चीही मध्यावरून दीड फूट मागे घेतली. पंख्याचा वारा थोडा कमी लागतो, त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली.

यानंतर मूळ स्पीकरशी सांधा जुळवायचा. साधारण ८० हर्ट्झला वरचं स्पीकरकडे आणि खालचं सबवूफरकडे द्यावं. त्याखाली आवाज कुठून येतो ते कानाला सहसा कळत नाही, म्हणून डबा बाजूला असला तरी खटकत नाही. मात्र ८० हर्ट्झची अर्धी लाट सव्वादोन मीटरहून जराशी कमी असते. दोन्ही आवाजांच्या वाटांत तेवढा फरक पडला तर एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि नेमक्या सांध्यावर खड्डा पडतो. सबवूफरच्या मागचं फेजचं बटण (लाट किंचित पुढेमागे सरकवणारं) याचसाठी असतं. एकाने खुर्चीत बसावं, दुसऱ्याने बटण फिरवावं. ८० चा स्वर जिथे सर्वांत भरीव होतो तिथे थांबावं.

तरीही ५७ हर्ट्झचा फुगवटा थोडा उरला. तो इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) खाली आणता आला. उलट, खड्डा आवाज वाढवून भरत नाही. जितकं घालाल तितकं तिथेच रद्द होतं आणि ॲम्प्लिफायर मात्र तापतो. भिंतीला दोन इंची फोम चिकटवूनही काही साधत नाही, कारण ४७ हर्ट्झच्या पाव लाटेलाच १.८ मीटर जाडी हवी. पैसे असतील तर एका मोठ्याऐवजी दोन छोटे सबवूफर घ्यावेत आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवावेत. एक त्या तरंगाला ज्या क्षणी ढकलतो त्याच क्षणी दुसरा त्याला अडवतो, आणि पहिला स्थिर तरंग उभाच राहत नाही. ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये याचा पद्धतशीर अभ्यास मांडला होता. आमचा दुसरा डबा पुढच्या दिवाळीला.

मांडणीवरच्या ताटांमध्ये आईने जुन्या पातळाच्या घड्या घातल्या. खोली आणि पंपाचं मी सांगितल्यापासून बाबा तानपुरा सुरू व्हायच्या आत उठून मागचं दार लावून घेतात.