हेयाता ओतुन्वे स्मृतिस्थळ, ब्दे माका स्का

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मिनीॲपोलिस शहरात, ब्दे माका स्का तलावाच्या आग्नेय काठावरील सार्वजनिक कलाकृती. तिथे एकेकाळी नांदलेल्या, डकोटा या मूळनिवासी लोकांच्या गावाच्या स्मरणार्थ ती २०१९ मध्ये साकारली. मोना स्मिथ, अँजेला टू स्टार्स आणि सँडी स्पीलर या तिच्या कलावंत. पहिल्या दोघी स्वतः डकोटा. पुतळा आणि चौथरा शोधत जाणाऱ्याची इथे निराशा होते. तलावाकडेचा नक्षीदार कठडा आणि वनस्पती-प्राण्यांच्या आकृती उमटवलेली फरसबंदी, हीच कलाकृती. रोज पळायला येणारे कित्येक जण नकळत तिच्यावरूनच जात असतील.

हेयाता ओतुन्वे म्हणजे 'बाजूला वसलेले गाव'. माख्पिया विचाश्ता, म्हणजे मेघपुरुष, या प्रमुखाने ते १८२९ मध्ये वसवले. शिकारीवर असताना हिमवादळात सापडल्यावर त्याने शेतीकडे वळायचे ठरवले, असे सांगतात. सरकारी एजंट लॉरेन्स टॅलिफेरो याने नांगरटीला प्रोत्साहन दिले आणि युद्धमंत्री जॉन ईटन याच्या नावावरून गावाला 'ईटनव्हिल' म्हटले. डकोटांना शेती गोऱ्यांनी शिकवली, हा समज मात्र खरा नाही. डकोटा बायका मका आधीपासून पिकवत होत्या, नवा होता तो नांगर. १८३४ मध्ये आलेल्या सॅम्युएल आणि गिडियन पाँड या मिशनरी भावांनी इथे राहून डकोटा भाषेसाठी लिपी बसवली. १८३९ मध्ये ओजिब्वे या दुसऱ्या मूळनिवासी लोकांशी चकमकी वाढल्या तेव्हा गाव उठले. अमेरिकी सरकार आणि डकोटा यांच्यातील १८६२ च्या युद्धानंतर डकोटांना फोर्ट स्नेलिंगजवळच्या छावणीत डांबण्यात आले. मेघपुरुष तिथेच वारला.

तलावालाही दीर्घकाळ एका युद्धमंत्र्याचेच नाव होते, पण दुसऱ्या. हा जॉन कॅल्हून गुलामगिरीचा कट्टर समर्थक. 'ब्दे माका स्का' (पांढऱ्या मातीचा तलाव) हे डकोटा नाव २०१८ मध्ये राज्य आणि संघ सरकारने मान्य केले; वाद कोर्टात गेला आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले.

डकोटांविषयीची कला डकोटांना न विचारता केली की काय होते, हे याच शहराने २०१७ मध्ये पाहिले होते. तिथल्या शिल्पोद्यानात सॅम ड्युरंट याने उभारलेल्या वधस्तंभाच्या शिल्पात, १८६२ मध्ये मँकेटो येथे ३८ डकोटांना ज्यावर फाशी दिले त्या वधस्तंभाचा आकारही होता. निदर्शने झाली, शिल्प उतरवून डकोटा ज्येष्ठांच्या स्वाधीन केले गेले. २०२१ मध्ये त्याच उद्यानात अँजेला टू स्टार्स यांची 'ओक्चियापी' ही कलाकृती आली: गोलाकार बैठका, मधे पाणी आणि डकोटा शब्द.