स्वमग्न मुलांचे पोट

बाल्टिमोर येथील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची, स्वतंत्र ओळख वैद्यकात रुजू लागली. त्या अकरापैकी सहा मुलांना जन्मापासूनच अन्न घेण्याचा तीव्र त्रास होता, अशी नोंद कॅनर यांनी केली आहे; मात्र अन्न हे बाहेरच्या जगाचे पहिले आक्रमण असून मूल त्याला विरोध करते, असा अर्थ त्यांनी लावला. शरीराच्या तक्रारीचा अर्थ केवळ मनात शोधण्याची ही सवय आजही पुरती सुटलेली नाही आणि तिची किंमत मुलांनाच मोजावी लागते.

अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्वमग्न मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी असण्याची शक्यता इतर मुलांच्या चौपटीहून अधिक असते. बद्धकोष्ठ आणि जुलाब यांची तिपटीहून, तर पोटदुखीची दुपटीहून अधिक असते.

यांपैकी बद्धकोष्ठ नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण ते अनेकदा लक्षातच येत नाही. पदार्थाचा स्पर्श, वास किंवा रंग सहन न झाल्याने काही मुले पांढरा भात, बिस्किटे आणि दूध एवढ्यावरच राहतात व पोटात चोथा फारसा जात नाही. शौचाची भावना काहींना वेळेवर जाणवत नाही, तर काहींना फ्लशचा आवाज किंवा शौचालयातला वास इतका असह्य होतो की ती शौच रोखून धरतात. रोखलेला मळ कडक होतो, बाहेर पडताना दुखतो आणि त्या दुखण्याच्या धास्तीने मूल पुढच्या वेळी अधिकच रोखून धरते. असे आठवडेच्या आठवडे चालले की गुदाशय ताणला जाऊन त्याची संवेदना मंदावते, आणि साचलेल्या खड्यांच्या बाजूने पातळ मळ झिरपून कपडे खराब होऊ लागतात. घरच्यांना ते जुलाब वाटतात. मग जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते आणि मूळ त्रास आणखी वाढतो.

ज्या मुलाला बोलता येत नाही, ते हे दुखणे सांगणार कसे? ते टेबलाच्या कडेवर पोट दाबून धरते, रात्री रडत उठते, जेवणानंतर चिडते, स्वतःला मारून घेते. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने २०१० साली स्पष्टच म्हटले की असे वागणे हे पोटाच्या विकाराचे मुख्य, कधी कधी एकमेव लक्षण असू शकते, आणि या मुलांची तपासणी इतर कोणत्याही मुलाइतकीच काळजीपूर्वक झाली पाहिजे. वागण्यात अचानक बदल झाला, तर वर्तनाची औषधे वाढवण्याआधी पोट तपासले जावे, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

आतड्यांतील जिवाणूंमुळेच स्वमग्नता होते, हा दावा हल्ली पुष्कळ ऐकू येतो. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात २०२१ साली वेगळेच चित्र दिसले: जिवाणूंमधला फरक थोडाच होता आणि त्याचा संबंध मुलांच्या मर्यादित आहाराशी अधिक होता. गहू आणि दूध बंद करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याने स्वमग्नतेची लक्षणे कमी होतात, याला भक्कम पुरावा नाही. उलट जे मूल मोजकेच पदार्थ खाते, त्याचे दूध तोडल्यास कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडण्याचा धोका असतो. गव्हाने खरोखरच त्रास होत असल्याची शंका असेल, तर सिलिअ‍ॅक या गव्हातल्या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करावी, कारण पोळी बंद केल्यावर ती फसवी ठरू शकते.

बद्धकोष्ठाचे उपचार साधे असले तरी चिकाटीचे आहेत. साचलेला मळ आधी मोकळा करावा लागतो व त्यानंतर मळ मऊ ठेवणारे औषध बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने बहुधा कित्येक महिने चालू ठेवावे लागते. शौच दुखत नाही हा विश्वास मुलाला येण्याआधीच ते थांबवले, तर त्रास उलटतो. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, म्हणून त्याच वेळी मुलाला पायांखाली पाट देऊन कमोडवर थोडा वेळ बसवावे, आणि क्रम कळावा यासाठी समोर चित्रे लावावीत. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, वारंवार उलट्या होणे किंवा पोट फुगून कडक होणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.