अंड्यातली वीस मिनिटं

२०११ साली नोव्हाक जोकोविच स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत सुटला होता, तेव्हा त्याच्या रॅकेटइतकीच चर्चा झाली ती एका अंड्याची. माणूस जेमतेम मावेल अशी ही बंद कुपी. आत बसलं की पंप हवेचा दाब झरझर उतरवतो, पुन्हा चढवतो, पुन्हा उतरवतो. वीसेक मिनिटं हेच. किंमत तेव्हा सुमारे ७५ हजार डॉलर! दम वाढतो, तांबड्या पेशी वाढतात, असा बनवणाऱ्यांचा दावा.

आत काय वाटत असेल, ते घाट चढलेल्या कुणालाही सांगता येईल. कानांना दडे बसतात, आवंढा गिळला की मोकळे होतात. पिशवीतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं. वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पण दाब उतरल्यामुळे हवा विरळ होते आणि श्वासागणिक ऑक्सिजन कमी मिळतो. साडेपाच हजार मीटरवर तर दाब जवळपास निम्मा.

ही टंचाई ओळखतं मूत्रपिंड. ते ईपीओ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं आणि अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी बनवू लागते. पण मूत्रपिंड काही उतावळं नाही. तीन-चार हजार मीटर उंचीच्या हवेतही रक्तातलं ईपीओ वाढलेलं दिसायला दीड-दोन तास लागतात, पेशींची भर पडायला आठवडे. वीस मिनिटांत, तेही दाब सतत वरखाली होत असताना, त्याला जागही यायची नाही. थकवा लवकर जातो असं जोकोविचला वाटलं असेल, तर ते वेगळं.

खरा फायदा दिसला तो मुक्काम करणाऱ्यांना. १९९७ साली लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी धावपटूंना चार आठवडे २५०० मीटरवर राहायला ठेवलं आणि सरावाला १२५० मीटरवर उतरवलं. विरळ हवेत वेगात पळता येत नाही, म्हणून हे उतरणं. समुद्रसपाटीला परतल्यावर पाच किलोमीटरच्या शर्यतीत त्यांचे सुमारे १३ सेकंद वाचले.

आपली पंचाईत अशी की कळसूबाईचं शिखरसुद्धा १६४६ मीटरच. तिथे मुक्काम ठोकला तरी अडीच हजार मीटरचा आकडा गाठता येत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सरावासाठी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला, ते शहर साधारण १८०० मीटरवर. आणि तिथून आणखी वर चढायला डोंगर दारातच आहेत.