गाडी लागणे : कारणमीमांसा व प्रतिबंध

मोटारगाडी, बस यांसारख्या वाहनातून जाताना केवळ वाहनाच्या गतीमुळे मळमळ, उलटी आणि त्यांच्या आगेमागे येणारी इतर लक्षणे उद्भवणे, यास गाडी लागणे म्हणतात. बोट लागणे व विमान लागणे ही याच विकाराची अन्य रूपे असून वैद्यकात त्यांचा विचार गतिजन्य विकार या एकाच सदराखाली केला जातो. यास रोग म्हणणे तितकेसे योग्य नाही. ज्याचा अंतर्कर्ण शाबूत आहे अशा जवळजवळ कोणालाही पुरेशा तीव्र व दीर्घकाळ चाललेल्या गतीने हा त्रास होऊ शकतो. उलट दोन्ही बाजूंच्या अंतर्कर्णाचे समतोलविषयक कार्य नष्ट झालेल्या व्यक्तींना तो सहसा होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1882 मध्ये मूकबधिर व्यक्तींना गरगरल्याने भोवळ कमी येते, असे नोंदवले होते. अंतर्कर्णाचा या विकाराशी असलेला संबंध उलगडण्यात त्या निरीक्षणाचा वाटा मोठा आहे.

उलटी हे या विकाराचे बहुधा शेवटचे लक्षण असते. त्याआधी जांभया येणे, तोंडाला पाणी सुटणे, चेहरा फिकट पडणे, थंड घाम येणे व डोके जड होणे असा क्रम सामान्यतः दिसतो. काही प्रवाशांत मळमळ फारशी नसताना केवळ ग्लानी व निरुत्साह आढळतो. या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन ग्रेबील व नेप्टन यांनी 1976 मध्ये केले. सुमारे दोन वर्षांखालील मुलांना गाडी क्वचितच लागते. त्यानंतर प्रवृत्ती वाढत जाऊन शालेय वयात ती सर्वाधिक असते व पुढे बहुतेकांत ओसरते. स्त्रियांत, गरोदरपणी आणि अर्धशिशी असलेल्यांत प्रमाण अधिक असते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटाही बराच असल्याचे दिसते.

प्राचीन भारतीय वैद्यकात या विकाराचे स्वतंत्र वर्णन शोधण्याचा प्रयत्न काही आधुनिक लेखकांनी केला आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय 20) छर्दी, म्हणजे उलटी, या विकाराचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी द्विष्टार्थसंयोगज हा किळसवाण्या वास-दृश्यांनी होणारा प्रकार आहे. गाडी लागणे यातच बसते, असे एक मत आहे. दुसऱ्या मताचा आधार सुश्रुतसंहितेत मिळतो. तेथे सूत्रस्थानात (अध्याय 21) वातप्रकोपाच्या कारणांमध्ये हत्ती, घोडा व रथ यांवरील फिरण्याचा उल्लेख येतो. गतीचा प्रत्यक्ष निर्देश असल्यामुळे हा दुसरा धागा अधिक ग्राह्य वाटतो. मात्र त्या स्थळी उलटीचा संबंध जोडलेला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. ग्रीक परंपरेत हिपॉक्रेटीसच्या नावावर असलेल्या सूत्रांमध्ये समुद्रप्रवासाने शरीर बिघडते, असा स्पष्ट उल्लेख आहे. आधुनिक वैद्यकीय चर्चेचा आरंभ सामान्यतः जे. ए. अर्विन यांच्या 1881 मधील सागरी मळमळीवरील लेखापासून मानला जातो.

कारणमीमांसेविषयी आजही एकमत नाही. सर्वाधिक मान्यता असलेली उपपत्ती संवेदनविसंगतीची असून तिची सुसूत्र मांडणी जेम्स रीझन व जे. जे. ब्रँड यांनी 1975 मध्ये केली. अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात, तर शेजारच्या दोन पिशव्यांमधील कॅल्शियम कार्बोनेटाच्या सूक्ष्म कणांमुळे सरळ रेषेतील वेगबदल व गुरुत्वाची दिशा कळते. गाडीत पुस्तक वाचणाऱ्या प्रवाशाचे डोळे सर्व काही स्थिर असल्याचे सांगतात, अंतर्कर्ण मात्र वळणे व गचके नोंदवत असतो. या उपपत्तीनुसार विसंगती केवळ या दोन संवेदनांतील नसते. मेंदूने पूर्वानुभवावरून बांधलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष आलेली संवेदना यांतील तफावत निर्णायक ठरते. वारंवार प्रवासाने सवय होते, तिचा उलगडा यामुळे होतो. 1998 मध्ये ब्लेस व सहकाऱ्यांनी या मांडणीला मुरड घालून, सारी विसंगती अखेरीस ‘उभी दिशा कोणती’ या एकाच प्रश्नाशी निगडित असल्याचे सुचवले.

या मतास रिचिओ व स्टॉफ्रेजन यांनी 1991 मध्ये आव्हान दिले. त्यांच्या मते शरीराचा तोल सावरण्याची पद्धत नव्या परिस्थितीत अपुरी पडते व ती दीर्घकाळची अस्थिरता हेच मळमळीचे कारण असते. विसंगती मोजता येत नाही, हा त्यांचा आक्षेप गंभीर आहे. परंतु आडव्या, डोके टेकवून निश्चल ठेवलेल्या व्यक्तींनाही त्रास होतो, याचा समाधानकारक उलगडा त्यांच्या उपपत्तीने होत नाही. मळमळ व उलटीच का व्हावी, हा प्रश्न निराळाच आहे. मिशेल ट्रायझमन यांनी 1977 मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार संवेदनांचा असा गोंधळ निसर्गात प्रामुख्याने विषबाधेने होत असल्यामुळे शरीर पोटातील विष बाहेर टाकण्याची प्रतिक्रिया देते. अंतर्कर्ण काढलेल्या कुत्र्यांमध्ये काही विषांमुळे होणारी उलटीची प्रतिक्रिया मंदावल्याचे मनी व च्युंग यांनी 1983 मध्ये दाखवले. हा पुरावा अनुकूल असला, तरी पुरेसा मानता येत नाही.

प्रतिबंधाच्या दृष्टीने या वादापेक्षा गतीच्या वारंवारतेचा शोध अधिक उपयोगी ठरला आहे. ओहॅनलन व मकॉली यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खालीवर होणारी गती सुमारे 0.2 हर्ट्‌झ असताना, म्हणजे एक आवर्तन जवळपास पाच सेकंदांत होत असताना, उलटीचे प्रमाण सर्वाधिक आढळले. मोटारीच्या स्प्रिंगांवरील उसळी याहून बरीच जलद, साधारणपणे 1 ते 2 हर्ट्‌झ, असते. म्हणून खड्ड्यांचा रस्ता कंबरेला त्रासदायक असला, तरी गाडी लागण्यास तो तितका कारणीभूत नसतो. रस्त्यावर खरा दोष वळणे, वेग वाढवणे व ब्रेक लावणे यांतून येणाऱ्या आडव्या, संथ हेलकाव्यांचा असतो. सह्याद्रीतील आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली, आंबोली यांसारख्या घाटांत गुळगुळीत डांबरी रस्त्यावरही प्रवासी हैराण होतात, ते यामुळेच. वळणावळणाला गती घेणारा व पुन्हा ब्रेक दाबणारा चालक हे हेलकावे दुणावतो. वळणाआधीच वेग कमी करून तो वळणभर एकसारखा राखणे, गिअर बदलताना धक्का न देणे आणि पुढील वाहनापासून अंतर ठेवून वारंवार ब्रेक टाळणे हे उपाय चालकाच्या हाती असतात. प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांच्या गर्दीत त्यांचा उल्लेख अभावानेच होतो.

चालकाला स्वतःला गाडी क्वचितच लागते. रोल्निक व लुबोव्ह यांनी 1991 मधील प्रयोगात गतीवर नियंत्रण असलेल्या व्यक्तीस, तीच गती निमूटपणे सोसणाऱ्या जोडीदारापेक्षा, त्रास कमी होतो असे दाखवले. वळण येण्यापूर्वी ते ठाऊक असणे, हा यातील महत्त्वाचा भाग असावा. चालक वळणाच्या आतील बाजूस डोके कलवतो, तर प्रवाशाचे डोके बाहेर फेकले जाते. प्रवाशाने चालकाप्रमाणे डोके कलवल्यास मळमळ कमी होते, असे जपानमधील वादा व सहकाऱ्यांच्या अभ्यासांत आढळले. टर्नर व ग्रिफिन यांनी इंग्लंडमध्ये 3256 बसप्रवाशांची पाहणी करून 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार 28.4 टक्के प्रवाशांना अस्वस्थता, 12.8 टक्क्यांना मळमळ व 1.7 टक्क्यांना उलटी झाली. पुढचा रस्ता मुळीच न दिसणाऱ्यांत अस्वस्थतेचे प्रमाण तो उत्तम दिसणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते.

त्यामुळे आसनाची निवड हा सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. मोटारीत पुढील आसन, तर बसमध्ये पुढची किंवा दोन चाकांमधली जागा घ्यावी; एस.टी.च्या मागच्या चाकांपलीकडील बाके वळणावर अधिक झोकांड्या खातात. बाजूच्या खिडकीतून जवळची झाडे पाहत बसण्यापेक्षा समोर दूरवर नजर ठेवणे हितावह असते. लहान मुलांना सुरक्षिततेसाठी मागेच बसवावे लागते व त्यांची नजर खिडकीपर्यंत पोहोचत नाही. बसण्याची उंची वाढवणारे योग्य आसन वापरून पट्ट्यासह बसवल्यास दोन्ही हेतू साधतात. वाचन व मोबाइल टाळावा. रस्ता दिसणे शक्यच नसेल, तर डोळे मिटून डोके टेकवावे. मोकळी हवा बहुतेकांना मानवते, तर डिझेल, सुगंधी फवारे व सिगारेट यांचे वास त्रासात भर घालतात. उपाशीपोटी निघावे की नाही याविषयी मतभेद असले, तरी थोडे, कमी तेलकट खाऊन निघणे बरे, याकडे बहुतेकांचा कल आहे.

औषधे गती सुरू होण्यापूर्वीच घ्यावी लागतात, कारण मळमळ सुरू होताच जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते व गोळीचे शोषण नीट होत नाही. हायोसीन या धोत्र्याच्या कुळातील वनस्पतींत आढळणाऱ्या अल्कलॉइडचा वापर दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी झाला. कानामागे चिकटवण्याची त्याची पट्टी अमेरिकेत 1979 मध्ये मान्य झाली. डायमेनहायड्रिनेट या औषधाचा गाडी लागण्यावरील गुण योगायोगाने लक्षात आला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे व पॉल कार्लायनर अंगावरील पित्तासाठी हे औषध देत असता, एका गरोदर रुग्णेला ट्राममध्ये नेहमी होणारा त्रास थांबल्याचे दिसले. त्यानंतर सैनिकवाहू जहाजावर चाचणी होऊन निष्कर्ष 1949 मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात प्रोमेथाझीन (अवोमिन) व सिनारिझीन (स्टुजेरॉन) अधिक प्रचलित आहेत. ती सामान्यतः प्रवासाच्या एक-दोन तास आधी घेतात. दोन्हींनी गुंगी येते, म्हणून चालकाने ती घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझीन देणे धोक्याचे आहे. वृद्धांमध्ये सिनारिझीन दीर्घकाळ दिल्यास कंपवातासारखी लक्षणे उद्भवू शकतात. गुंगी न आणणारी सेटिरिझीनसारखी नवी ॲलर्जीविरोधी औषधे आणि इतर उलट्यांवर गुणकारी असलेले ऑन्डॅनसेट्रॉन यांचा येथे विशेष उपयोग होत नाही. गरोदर स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये.

घरगुती उपायांपैकी आले व सुंठ यांचीच शास्त्रीय तपासणी काही प्रमाणात झाली आहे. मोरी व क्लेसन यांच्या 1982 मधील प्रयोगात सुंठ डायमेनहायड्रिनेटापेक्षा सरस ठरली; नंतरच्या काही प्रयोगांत मात्र गुण दिसला नाही. मनगटावरील दाबबिंदूच्या पट्ट्यांविषयीचे निष्कर्षही परस्परविरोधी आहेत. लिंबू हुंगणे, आवळासुपारी किंवा लवंग तोंडात धरणे हे उपाय निरुपद्रवी आहेत. आसनावर वर्तमानपत्र घालून बसण्याच्या समजुतीस आधार नाही.

स्वयंचलित मोटारींमध्ये चालकही प्रवासी होणार असल्याने हा विकार वाढण्याची शक्यता डील्स व बॉस यांनी 2016 मध्ये वर्तवली आहे. खिडक्या मोठ्या ठेवणे, पडदे (स्क्रीन) नजरेच्या रेषेत बसवणे आणि येणाऱ्या वळणाची आगाऊ सूचना देणे या दिशांनी त्यावर संशोधन चालू आहे.