पोटरीचं माप आणि ऑपरेशननंतरचा भ्रम

ऑपरेशन व्यवस्थित झालं, असं सांगून डॉक्टर गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आजोबा सलाइनची सुई उपटू लागतात, उशाशी बसलेल्या मुलीलाच 'तुम्ही कोण?' विचारतात. सकाळी पुन्हा शुद्धीवर, चहा मागतात. पूर्वी घरात याला 'वात झाला' म्हणत. डॉक्टर म्हणतात डेलिरियम. याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. रुग्ण नुसता गप्प पडून राहतो आणि नातेवाईक म्हणतात, 'झोपू दे, दमलेत.'

हे कुणाला होणार, याचा अंदाज वय, आधीचा विसराळूपणा, कमी ऐकू येणं यांवरून बांधतात. आता त्यात स्नायूंची भर पडते आहे. उदाहरणार्थ, आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सीटी स्कॅन झालेलाच असतो. त्यातला कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतलेला एकच आडवा काप उघडायचा, त्यातल्या स्नायूंचं क्षेत्रफळ मोजायचं आणि उंचीच्या वर्गाने भागायचं. स्नायूत चरबी किती मुरली आहे, तेही त्याच चित्रात कळतं. वेगळी तपासणी नाही, जादा खर्च नाही; फक्त तिकडे कुणी बघत नाही.

स्नायू कमी असलेल्यांना डेलिरियम जास्त होतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं; सगळ्यांत नाही. स्नायू हा शरीराचा प्रथिनांचा साठा. ऑपरेशननंतर शरीर त्यालाच हात घालतं. आणखी एक गोम आहे. मूत्रपिंडांचं काम जोखायला रक्तात जे क्रिएटिनिन मोजतात, ते स्नायूंतूनच येतं. त्यामुळे हडकुळ्या माणसाचा रिपोर्ट 'नॉर्मल' दिसतो, मूत्रपिंडं थकलेली असली तरी. मग औषधाचा डोस जड होऊ शकतो. तरीही स्नायू घटले म्हणूनच मेंदू गोंधळतो, असं म्हणता येणार नाही. कदाचित दोघंही एकाच वेळी म्हातारे होत असतील.

स्कॅन नसेल तर शिंप्याची टेप चालते. स्नायू घटल्याचं ओळखण्याच्या आशियाई निकषांनुसार (2019) पोटरीचा घेर पुरुषांत 34, स्त्रियांत 33 सेंटीमीटरपेक्षा कमी असला, तर पुढे तपासावं. मुठीची ताकद पुरुषांत 28 आणि स्त्रियांत 18 किलोंपेक्षा कमी नसावी. पायाला सूज असेल तर मात्र टेप खोटं बोलते.

अंदाज कळून करायचं काय? 1999 मध्ये अमेरिकेत सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे ऑपरेशनचे नव्हे, मेडिकल वॉर्डातले रुग्ण. त्यांतल्या निम्म्यांना चालवणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, चष्मा नि कानाचं यंत्र हाताशी ठेवणं, अशा साध्या उपायांवर डेलिरियम 9.9 टक्क्यांनाच झाला; नेहमीची देखभाल मिळालेल्यांत 15 टक्क्यांना. आपल्याकडे ऑपरेशनला नेताना हा चष्मा आणि ते यंत्र 'हरवेल' म्हणून सुनेच्या पर्समध्ये जातं, आणि तिथेच राहतं.